स्कोअरशीटवर सगळं आहे, बेरीज कुणी करत नाही

मुलाला बेसबॉलच्या संघात घालताना पालक पहिला प्रश्न विचारतात तो हेल्मेटचा. चेंडू टणक, फटका जोरदार, डोक्याला लागलं तर? प्रश्न रास्तच आहे. पण ठाणे आणि नवी मुंबईतल्या शालेय स्पर्धांत स्कोअरच्या टेबलावर बसलं की दिसतं ते वेगळंच. चेंडू लागून बाहेर जाणारा पोरगा क्वचित. चेंडू फेकून फेकून कोपर धरून बसलेला मात्र जवळजवळ प्रत्येक स्पर्धेत असतो, आणि तो बहुतेक वेळा संघातला सर्वांत चांगला पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा, असतो.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. पिचरने दिवसात किती चेंडू टाकले याची मोजणी आणि वयाप्रमाणे त्यावर मर्यादा आपल्या दोन्ही शहरांतल्या शालेय आणि जिल्हा स्पर्धांत सक्तीची करावी. ती पाळली जाते की नाही हे बघण्याचं काम प्रशिक्षकाकडे देऊ नये, आयोजकांनी आणि पंचांनी ते अंगावर घ्यावं. बेसबॉलमधल्या बाकीच्या दुखापतींबद्दल मला काही वाटत नाही असं नाही. पण त्यांच्यावर थोडाफार विचार तरी झालाय. या एका दुखापतीकडे आपण बघूनही न बघितल्यासारखं करतो.

दिसणाऱ्या दुखापतीचं एक बरं असतं, तिच्यावर कधी ना कधी नियम होतो. १९२० च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या मैदानावर क्लीव्हलँडच्या रे चॅपमनला डोक्यावर चेंडू लागला आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. अमेरिकेच्या सर्वोच्च लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगमध्ये, फलंदाजाला हेल्मेट सक्तीचं व्हायला मात्र १९७१ उजाडलं, आणि तेव्हाही जुन्या खेळाडूंना सूट होतीच. २००७ साली मायनर लीगच्या, म्हणजे तिच्या खालच्या पातळीच्या, सामन्यात फर्स्ट बेसजवळ (धावणाऱ्याच्या पहिल्या थांब्याजवळ) उभे असलेले कोच माइक कूलबॉ यांना फटक्याचा चेंडू मानेवर लागून मृत्यू आला. पुढच्या मोसमापासून बेसजवळच्या कोचेसच्या डोक्यावरही हेल्मेट आलं. २०११ मध्ये होम प्लेटवर, म्हणजे धाव पूर्ण होते त्या जागी, धावत आलेल्या खेळाडूच्या धडकेत बस्टर पोझी या कॅचरचा (फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्याचा) पाय मोडला, घोट्याचे अस्थिबंध फाटले, आणि २०१४ मध्ये अशा धडकेवर नियम झाला. अपघात दिसला, लोक हळहळले, नियम आला. उशिरा का होईना, आला.

आपल्याकडे या दिसणाऱ्या दुखापतींत मैदानाचाही मोठा हात आहे. बेसबॉलचं म्हणून राखलेलं मैदान आपल्या वाट्याला अभावानेच येतं. मिळतं ते क्रिकेटचं, नाहीतर सिडकोच्या एखाद्या सेक्टरमधलं, ज्यावर गणपती, नवरात्र आणि लग्नसराई असं सगळं होऊन जातं. मंडपाचे बांबू काढले तरी खड्डे राहतात, वर मुरूम टाकून रोलर फिरवला की मैदान तयार. त्या मुरमावर पोरं सेकंड बेसकडे घसरत जातात. मांडी आणि कोपर सोलून निघतं, त्यात खडे रुततात, आणि बेस हलू नये म्हणून खिळे ठोकून पक्का केलेला असेल तर घोटाच मुरगळतो. धक्का बसला की सुटून येणारे बेस अमेरिकेत १९८० च्या दशकापासून वापरून बघितले गेले आणि घसरतानाच्या दुखापती त्याने बऱ्याच कमी झाल्या. अर्थात गालिच्यासारख्या राखलेल्या मैदानावरही खांदा निखळू शकतो. जपानी स्टार शोहेई ओतानीचा डावा खांदा २०२४ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेत, असाच सेकंड बेसवर घसरताना गेला. पण निदान आपण खड्डे तरी बुजवावेत.

आणखी एक गोष्ट उरकून टाकतो, कारण ती दुर्मीळ असली तरी जिवावरची आहे. चेंडू छातीवर नेमक्या क्षणी आदळला तर धडधाकट मुलाचंही हृदय तालाबाहेर जाऊन थांबू शकतं. अशा वेळी छातीवर दाब देणं आणि एईडी यंत्राचा झटका हे दोनच उपाय, तेही मिनिटांच्या आत. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून रुग्णवाहिका येईपर्यंत थांबून भागत नाही. स्पर्धेच्या ठिकाणी एईडी हवंच, निदान छातीवर दाब देता येणारा एक माणूस तरी हवा. यावर वाद घालण्यासारखं काही नाही, फक्त करायचं राहिलंय.

आता हाताकडे येऊ.

पिचर चेंडू सोडतो तेव्हा त्याचा खांदा सेकंदाला सुमारे ७,००० अंश एवढ्या वेगाने आत वळतो. माणसाच्या शरीरातल्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी ही एक. त्याच्या आधीच्या क्षणी सगळा पीळ येतो तो कोपराच्या आतल्या अंगाला, दंडाचं हाड आणि करंगळीकडचं हाड यांना बांधून ठेवणाऱ्या एका छोट्या अस्थिबंधावर. प्रयोगशाळेत हा अस्थिबंध जेवढ्या पिळाला तुटतो, कोपरावर तेवढाच किंवा त्याहून जास्त पीळ प्रत्येक जोरदार फेकीत येतो. आजूबाजूचे स्नायू भार वाटून घेतात म्हणून हात टिकतो. स्नायू दमले की वाटेकरी संपतात.

मोठ्या माणसात हा अस्थिबंध झिजत जातो आणि एक दिवस फाटतो. वाढत्या मुलात गोष्ट वेगळी आहे. त्याच्या हाडाच्या टोकाशी अजून वाढीची कूर्चा असते आणि ती अस्थिबंधापेक्षा कच्ची असते. ओढ बसत राहिली की अस्थिबंध तग धरतो आणि तो ज्या हाडाला चिकटलाय तो कोवळा भागच सुटू लागतो. लिटल लीग ही अमेरिकेतली मुलांची बेसबॉल संघटना, तिच्यावरून डॉक्टर याला 'लिटल लीग एल्बो' म्हणतात. खांद्याजवळच्या कूर्चेचं असंच झालं की 'लिटल लीग शोल्डर'. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये कधी काहीच दिसत नाही, त्यामुळे घरी सांगितलं जातं, काही नाही, लचक आहे. मग कुणीतरी ओळखीचा हात चोळून देतो, आणि आठवड्याने पोरगा पुन्हा माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर.

१९७४ च्या सप्टेंबरमध्ये लॉस एंजेलिसला डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या डावखुऱ्या पिचरच्या उजव्या मनगटातली कंडरा काढून डाव्या कोपरात बसवली. हात पुन्हा चालेल याची शक्यता त्यांनी शंभरात एक धरली होती. जॉन १९७६ ला परतला आणि पुढे १९८९ पर्यंत खेळला. शस्त्रक्रियेला त्याचंच नाव पडलं. वैद्यकातला हा पराक्रमच, पण त्याचा एक विचित्र परिणाम झाला. हे ऑपरेशन केलं की हात आधीपेक्षा जोरात चालतो असा समज अमेरिकेतल्या खेळाडूंत आणि पालकांतही पसरला. तसं काही होत नाही. वर्ष-दीड वर्ष खेळ बंद राहतो आणि काहीजण परततच नाहीत. आपल्याकडे हा समज अजून पोचलेला नाही, कारण ऑपरेशनपर्यंतच कुणी पोचत नाही. आपला पोरगा नववीत पिचर असतो आणि अकरावीत बेसबॉल सोडलेला असतो. का सोडला हे कुठल्याच कागदावर येत नाही.

कारण काय, हे शोधणारी बरीच कामं अमेरिकेत झाली. अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी २००६ मध्ये ऑपरेशन करावं लागलेल्या किशोरवयीन पिचर्सची तुलना धड हाताच्या पिचर्सशी केली. वर्षात आठ महिन्यांहून जास्त पिचिंग करणाऱ्यांमध्ये ऑपरेशनची शक्यता पाच पट निघाली. एका सामन्यात सरासरी ८० हून जास्त चेंडू टाकणाऱ्यांमध्ये चौपट. आणि हात दमलेला असताना नेहमी टाकत राहणाऱ्यांमध्ये छत्तीस पट. हा शेवटचा आकडा ज्याने एकदा वाचला, त्याला 'सर, हात भरलाय' हे वाक्य पुन्हा पहिल्यासारखं ऐकू येऊ नये. पाच वर्षांनी त्याच गटाने दहा वर्षं पाठपुरावा केलेल्या जवळपास ५०० मुलांची आकडेवारी दिली: वर्षाला शंभराहून जास्त इनिंग (इनिंग म्हणजे दोन्ही संघांची एकेक पाळी) पिचिंग करणाऱ्यांना गंभीर दुखापतीचा धोका साडेतीन पट. गंमत म्हणजे लहानपणी कर्व्हबॉल, म्हणजे वळणारा चेंडू, शिकवला म्हणून हात जातो, ही जी समजूत आपल्याकडचे जुने सर छातीठोकपणे सांगतात, ती त्या अभ्यासात सिद्ध होऊ शकली नाही. चेंडू कसा टाकला यापेक्षा किती टाकले हे जास्त नडतं.

त्यावरून नियम झाले. लिटल लीगने २००७ पासून इनिंगांऐवजी चेंडू मोजायला घेतले. २०१४ मध्ये मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांनी मिळून वयवार तक्ता दिला: ९-१० वर्षांच्या मुलाला दिवसाला ७५ चेंडू, ११-१२ ला ८५, १३ ते १६ ला ९५. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने २० हून जास्त चेंडू टाकले तर एक दिवस सुट्टी, ३५ च्या पुढे दोन, ५० च्या पुढे तीन, ६५ च्या पुढे चार. एकाच दिवशी पिचिंग आणि कॅचिंग दोन्ही नको, कारण कॅचरही दर चेंडूला परत फेकतच असतो.

हा तक्ता दाखवला की आपल्याकडे पहिलं उत्तर येतं: अहो, तिकडे बारा महिने खेळतात, आपली पोरं कुठे एवढी खेळतात? खरंच आहे, आपली पोरं वर्षभर खेळत नाहीत. आपला घोटाळा उलटा आहे. जून ते सप्टेंबर मैदानात चिखल. त्या महिन्यांत हात चालतो तो शाळेच्या पॅसेजमध्ये, तोही टेनिस बॉलने. मैदान जरा सुकतं न सुकतं तोच महापालिका पातळीच्या शालेय स्पर्धा लागतात. मैदान एक-दोन दिवसच मिळालेलं असतं, परीक्षा तोंडावर असते, त्यामुळे सामने कोंबले जातात. सकाळी पहिली फेरी, दुपारी उपांत्य, संध्याकाळी उजेड असेपर्यंत अंतिम. चार महिने जवळजवळ रिकामा असलेला हात एका दिवसात मोसमाचा भार उचलतो. अमेरिकेतला पोरगा हळूहळू झिजतो, आपला एका दिवाळीच्या आधी.

दुसरं, आपल्या शाळांत बेसबॉलचा म्हणून वेगळा मुलगा नसतो. ज्याचा हात चांगला तोच क्रिकेटच्या संघात वेगवान गोलंदाज, तोच हँडबॉलला, तोच भालाफेकीला. ऐरोलीला सकाळी अकादमीत नेटमध्ये गोलंदाजी करून, किट खांद्यावर टाकून ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला बेसबॉलच्या सामन्याला येणारी पोरं असतात. क्रिकेटचे सर म्हणतात मी फक्त चार ओव्हर टाकून घेतल्या. बेसबॉलचे सर म्हणतात मी फक्त तीन इनिंग. दोघंही खरं बोलतात. हात मात्र एकच आहे. नीरज चोप्राच्या कोपरावर २०१९ मध्ये आपल्या मुंबईतच शस्त्रक्रिया झाली आणि त्या वर्षीची जागतिक स्पर्धा त्याची हुकली. भाला काय, चेंडू काय, कोपर कुठला खेळ चालू आहे हे विचारत नाही.

गेल्या मोसमातला एक प्रसंग सांगतो, शाळेचं नाव राहू दे. चौदा वर्षांखालच्या गटाचा तिसरा सामना. डगआउटमध्ये, म्हणजे निळ्या ताडपत्रीखाली, पिचर डाव्या हाताने बाटली तोंडाला लावत होता. पोरगा उजवा. उजवा हात मांडीवर, कोपर अर्धवट दुमडलेलं. सरळ कर म्हटल्यावर जेवढं झालं तेवढं केलं, शेवटची इंचभर जागा राहिलीच. सरांनी थंड स्प्रे मारला, क्रेप बँडेज गुंडाळलं आणि म्हणाले, अरे, दोन इनिंग काढ फक्त. त्याने काढल्या. संघ जिंकला, टाळ्या पडल्या. मी पेन्सिलने त्याच्या दिवसभराच्या चेंडूंची बेरीज केली. अमेरिकेच्या तक्त्यातल्या दिवसाच्या मर्यादेच्या बऱ्याच पुढे गेली होती.

त्या सरांना खलनायक करायची माझी इच्छा नाही. एका शाळेत शेकडो मुलांमागे एक क्रीडाशिक्षक, त्याच्यावर कबड्डीपासून कॅरमपर्यंत सगळं. विभागापर्यंत मजल मारली तर मुख्याध्यापक खूश, संस्था खूश. पोरांना दहावीला क्रीडा गुण मिळतात, पुढे नोकरीत खेळाडूंसाठी जागा असतात, त्यामुळे पालकही मागे हटत नाहीत. आई म्हणते, राज्यापर्यंत जाऊ द्या, मग आराम देऊ. पोरगा तर कधीच नाही म्हणणार नाही, चौदा वर्षांचा आहे तो. एवढ्या सगळ्यांचं हित जिथे चेंडू टाकत राहण्यात आहे, तिथे थांबवण्याची जबाबदारी त्यांच्यापैकीच एकावर टाकणं म्हणजे कुणावरच न टाकणं.

आणि मोजायला लागतं काय? बेसबॉलच्या स्कोअरशीटवर प्रत्येक फलंदाजाच्या चौकटीत बॉल (टप्प्याबाहेरचा, सोडलेला चेंडू) आणि स्ट्राइक (टप्प्यातला किंवा हुकलेला चेंडू) टिकमार्कने लिहिलेच जातात. दोन स्ट्राइकनंतरचे फाऊल (रेषेबाहेर गेलेले फटके) काही स्कोअरर लिहीत नाहीत, कारण त्याने काउंट बदलत नाही. तेवढे लिहायला सांगितलं की झालं. प्रत्येक इनिंगनंतर पिचरच्या नावापुढे एक बेरीज. यंत्र नको, अॅप नको, निधी नको. माहिती आपल्याकडे आहेच, दर सामन्याला ती लिहून, फायलीत लावून, कपाटात जाते. क्रिकेटमध्ये जसप्रीत बुमराहच्या पाठीवर टीव्हीवर तास तास चर्चा होते, त्याच्या वर्कलोडचं प्रत्येक षटक मोजलं जातं. इंग्लंडच्या बोर्डाने तर पोरवयातल्या वेगवान गोलंदाजांच्या स्पेलवर आणि दिवसाच्या षटकांवर वयवार मर्यादा घालून ठेवल्या आहेत. आपल्या तेरा वर्षांच्या पिचरसाठी पेन्सिल तरी फिरवूया.

'आम्ही दिवसभर टाकायचो, काही झालं नाही' असं म्हणणारे भेटतातच. ज्यांचं झालं ते आज मैदानावर येत नाहीत, म्हणून त्यांची बाजू ऐकू येत नाही. जपानात तर ही भावना आपल्याहून घट्ट होती. १९९८ च्या कोशिएन शालेय स्पर्धेत दाइसुके मात्सुझाकाने सतरा इनिंगांच्या एका सामन्यात २५० चेंडू टाकले, देश वेडा झाला. पुढे मेजर लीगमध्ये २०११ ला त्याच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. एका सामन्यावर सगळा दोष टाकता येणार नाही. पण त्याच जपानच्या शालेय महासंघाने अखेर २०२० पासून आठवड्याला ५०० चेंडूंची मर्यादा आणली. आकडा माझ्या मते फार सैल आहे. तरी कोशिएनची पूजा करणाऱ्यांनी तो मान्य केला.

सॉफ्टबॉलच्या मुलींना मी यातून वगळणार नाही. हात खालून फिरवायचा म्हणजे नैसर्गिक, त्याने काही होत नाही, असं धरून तिथे कुणी मोजतच नाही. पूर्ण गोल फिरवून टाकलेल्या चेंडूत खांद्यावर आणि दंडाच्या पुढच्या स्नायूच्या मुळाशी येणारा ताण काही थोडाथोडका नसतो, आणि तिथे एकच मुलगी सगळी स्पर्धा टाकते हे तर ठरलेलंच. तिलाही तीच बेरीज लागू व्हावी.

एकच आक्षेप मला खरोखर जड वाटतो. छोट्या शाळेकडे पिचर एकच असतो. मर्यादा लावली तर कळवा-दिव्याकडची किंवा कोपरखैरण्यातली एखादी महापालिका शाळा दुसऱ्या सामन्यातच हरेल, आणि वीस मुलांचा ताफा असलेली मोठी शाळा दरवर्षी जिंकेल. हे होईल. म्हणून नुसती मर्यादा आणून भागणार नाही. प्रवेश अर्जावर किमान तीन पिचर्सची नावं मागावीत, चौदाखालच्या गटात इनिंग कमी कराव्यात, एका दिवशी एका संघाचे दोनहून जास्त सामने लावू नयेत. मैदान दोनच दिवस मिळतं ही अडचण महापालिकेने सोडवायची आहे. ती तेरा वर्षांच्या कोपराने सोडवायची नाही. आणि प्रत्येक पिचरची एक छोटी वही असावी, खेळ कुठलाही असो, त्यात तारीख, चेंडू किंवा षटकं आणि त्या त्या सरांची सही. माउंडवर जाण्याआधी पंचाने ती बघावी. महापालिकेकडून विभागाला जाताना वहीही बरोबर जावी, म्हणजे तिथे पहिल्यापासून मोजायला नको.

पहिल्या वर्षी सामने रटाळ होतील. दुसऱ्या-तिसऱ्या पिचरला स्ट्राइक झोन, म्हणजे चेंडू टाकायचा टप्पा, सापडणार नाही, वॉकवर वॉक (चार बॉल पडून फलंदाजाला फुकट मिळणारा बेस) जातील, वीस-अठरा असे स्कोअर लागतील, आणि एखादे मुख्याध्यापक फोन करून विचारतील की आमच्या चांगल्या मुलाला का बसवलं. त्यांना उत्तर द्यायला पंचाच्या हातात नियम हवा आणि समोर स्कोअरशीट.